तिसरीची तपासणी

त्या वर्षी जानेवारीत गव्हाला पाणी चालू असतानाच कफील, म्हणजे शेताचा सौदी मालक, शेतावर आला, गाडीतून न उतरताच दौलतला म्हणाला, "अकरापैकी पाच पिवट या पिकानंतर बंद." सरकार दरवर्षी थोडा थोडा गहू कमी घेणार होतं, तसं रेडिओवर आधीच सांगून झालं होतं. गव्हाकडं एकदा पाहिल्यासारखं करून कफील निघून गेला. सौदीतल्या हाइलपासून चाळीस किलोमीटरवरच्या त्या शेतावर दौलत आठ वर्षं पिवट दुरुस्त करत होता. पिवट म्हणजे चाकांवर उभा असलेला पाण्याचा लांबच लांब पाईप, घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरून पाणी शिंपडणारा. पाच बंद झाले की दोन फिटरांची गरज नव्हती. दुसरा फिटर बाळाराम हा एकटा माणूस, कॅम्पात राहणारा. दौलतचं बिऱ्हाड मोठं, दोन खोल्या, बायको, पोरगी. कुणाला ठेवायचं हे सांगायला रेडिओ लागत नव्हता.

"मे महिन्यात गहू कापला की आपलं खलास," दौलतनं घरी येऊन सांगितलं. त्याचे हात ग्रीसनं काळे झाले होते, साबण लावूनही नखांतलं निघत नव्हतं.

दर्शनानं भाकरी उलटली. "मग पोरीच्या शाळेचं?"

"कराडात चवकशी केलीया. विंग्रजी शाळा हाय चांगली. शाळेला मान्यता आसंल आन दाखला नीट आसंल, तर चौथीत घेत्यात म्हनं. न्हायतर पयलीपासनं."

"पहिलीपासनं?" दर्शना म्हणाली. "नऊ वर्षांची पोर पहिलीत बसंल होय? चौऱ्याण्णव टक्के हायती तिला."

"तेच म्हनलो मी."

चौऱ्याण्णव टक्क्यांची गोष्ट खरी होती. प्रगतिपुस्तक भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. स्मृती तिसरीत होती, मॅडमच्या शाळेत. शाळेचं नाव मोठं होतं, फाटकावर दोन भाषांत लिहिलेलं, पण सगळे मॅडमची शाळाच म्हणत. हाइल गावातलं एक दुमजली घर, वर मॅडम राहायच्या, खाली पाच खोल्यांत पाच वर्ग. शेतावरचा ड्रायव्हर नसरुद्दीन रोज सकाळी दूध घेऊन गावात जायचा, तो स्मृतीला सोडायचा आणि दुपारी आणायचा. पोरगी घरी आली की पुस्तक उघडून घडाघडा वाचायची. दौलत ऐकत बसायचा. त्याला एक अक्षर कळत नसे, पण कानाला गोड लागायचं.

आणि दर्शना? दर्शना डी.एड. झालेली होती. लग्नाआधी दोन वर्षं तिनं पाटण तालुक्यातल्या वाडीवर पहिलीचा वर्ग सांभाळला होता. चाळीस पोरं हाताखालून गेली, त्यातलं एकही न वाचता दुसरीत गेलं नाही, हे ती अभिमानानं सांगायची. पण आपल्या पोरीच्या पुस्तकाला तिनं तीन वर्षांत बोट लावलं नव्हतं. ठरवून लावलं नव्हतं. आपण मराठी शाळेतल्या, आपलं इंग्रजी गावठी. ते पोरीच्या तोंडाला लागायला नको, असं तिच्या मनानं घेतलं होतं. चुलीपाशी बसून ती पोरीचं वाचन लांबूनच ऐकायची, जसं परक्याच्या घरचं लेकरू ऐकावं. मला विचाराल तर शिकल्यासवरल्या बाईनं इतका मूर्खपणा करू नये. पण ती एकटी नव्हती. आखातात गेलेल्या आपल्या माणसांत असल्या शहाण्या मूर्खांची कमी नाही.

एका गुरुवारी दुपारी सातव्या पिवटाच्या चाकाचा गिअरबॉक्स बदलायचा होता. नवीन आला होता, दुसऱ्याच कंपनीचा, सोबत इंग्रजी कागद. थंडी इतकी होती की सकाळी पाईपच्या तोंडांवर बर्फ धरला होता आणि दुपारीसुद्धा पान्हा हातात घेतला की बोटं चिकटत होती. दौलतनं आणि बाळारामनं जॅक लावून चाक उचललं, जुना गिअरबॉक्स काढला, नवा बसवला. आता त्यात तेल घालायचं. किती, ते कागदावर.

दर्शना आणि स्मृती जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या. दौलतला एकदम सुचलं. "ए स्मृते, हिकडं ये. वाच ह्ये."

नसरुद्दीनही गाडी लावून उभा होता. तीन बाप्यांच्या मधोमध पोरगी उभी राहिली. कागद दोन्ही हातांत धरला. एकदा वडलांकडं पाहिलं, एकदा कागदाकडं, आणि सुरू झाली.

"माय अंकल हॅज अ फार्म. देअर आर टेन हेन्स ऑन द फार्म. द हेन्स आर फॅट."

"वा वा!" नसरुद्दीन म्हणाला. "माशाल्लाह!"

"फार्म म्हनली," दौलत बाळारामला म्हणाला. "शेताचंच हाय."

"त्येल किती म्हंत्यात?" बाळारामनं तेलाचा डबा उघडत विचारलं.

"बेटा, तेल कितना?" नसरुद्दीन.

पोरगी घुटमळली. "टेन," ती म्हणाली.

"धा लिटर?" दौलतनं डोकं खाजवलं. "एवढ्याशा पेटीत धा कसं मावंल? पन लिवलंय तर..."

बाळारामनं तेलाचा डबा तिरका केला होता. दर्शना पुढं झाली. तिनं पोरीच्या हातून कागद घेतला आणि बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत वाचला. बाप्ये थांबले. बराच वेळ लागला. मग ती म्हणाली, "चार लिटर. आन चाक बसवायच्या आधी घाला म्हणतोय, नंतर न्हाय."

"कोंबड्या कुटं गेल्या मंग?" असं कुणी विचारलं नाही, कारण कोंबड्या आल्या होत्या हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दौलत हसला, पोरीच्या डोक्यावर काळा हात ठेवला आणि म्हणाला, "चुकतंय एकादा आकडा." दर्शना हसली नाही.

घरी आल्यावर तिनं पोरीचं पुस्तक काढलं. कोंबड्यांचं पान उघडलं. चित्र तळव्यानं झाकलं.

"वाच."

पोरगी गप्प.

"वाच गं."

"मम्मी, हाथ हटाओ ना."

हात काढला. "माय अंकल हॅज अ फार्म," पोरगी सुटली. दर्शनानं पान उलटलं, झाकलं. गप्प. काढलं, सुटली. अशी तिनं बेचाळीस पानं झाकली आणि उघडली. मग पाटीवर एकटं एक अक्षर काढलं. पोरगी मनातल्या मनात ए-बी-सी म्हणत आली आणि बोटं मोजत तिथवर पोचली. दुसरं काढलं, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याला पोरगी रडायला लागली.

चाळीस परकी पोरं वाचायला शिकवली आणि स्वतःची अशी ठेवली. तिला पोरीचा राग आला, मॅडमचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. तिनं पोरीला जवळ घेतलं.

गुरुवार-शुक्रवारची सुट्टी संपून शनिवारी शाळा उघडली तशी ती अबाया, म्हणजे अंगभर बुरखा, घालून नसरुद्दीनच्या गाडीत बसली. मॅडम ऑफिसात होत्या. नाव नूरुन्निसा, हैदराबादच्या, साठीच्या पुढच्या, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत, हे त्यांचं विशेष.

"क्या करूँ जी?" त्या म्हणाल्या. "टीचर आती, छे महीने में शौहर का एक्झिट लगता, चली जाती. तीसरी में इस साल तीन टीचर बदले. बच्चों को रटाना नहीं तो क्या करना?"

"मार्क किधर से आता फिर?" दर्शनाचं हिंदी असंच होतं.

"माँ-बाप को मार्क होना ना." मॅडमनी चष्मा खाली सोडला. "आप क्या पढ़े?"

"डी.एड. मराठी में."

"डी.एड.!" मॅडम खुर्चीत सावरून बसल्या. "ट्रेनिंग वाली एक भी नहीं है मेरे पास. पहली ले लो आप. कल से."

"मेरा इंग्लिश अच्छा नहीं."

"यहाँ किसका है जी?"

दर्शनाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, काम करायची परवानगी नव्हती. तिचं नाव कुठल्या वहीत लागणार नव्हतं. बदल्यात स्मृतीचा दाखला वेळेवर आणि नीट मिळेल, एवढं मॅडमनी तोंडी कबूल केलं. पण दाखल्याला किंमत यायची तर शाळेला मान्यता हवी, आणि तिची तपासणी मार्चमध्ये होती. रियाधहून भारतीय शाळा तपासणारे साहेब येणार होते. म्हणजे ज्या शाळेनं पोरगी बुडवली ती शाळा पास व्हावी म्हणून दर्शनाला हात जोडायचे होते. तिला ते कळलं, तरी दुसऱ्या दिवशी ती वर्गावर हजर झाली.

सकाळी ती पहिलीला शिकवायची. वाडीवर शिकवलं तसंच, आवाजापासून. बाहेर वाळू तर पडलेलीच होती. पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळू पसरून ती पोरांना बोटानं अक्षरं काढायला लावायची. शेजारच्या वर्गातल्या बाईनं तोंडाला पदर लावून हसून घेतलं. शिकलेली टीचर म्हणून आणली आणि ही मातीत खेळवतेय.

दुपारी घरी स्मृती. ते फार अवघड होतं. पोर घोड्यासारखी अडायची.

"मम्मी, तुमको इंग्लिश नहीं आता. मिस ऐसा नहीं बोलती."

"मिसला येतंय ते मिसपाशी. तू ह्ये अक्षर सांग."

"तुम्हारा गलत है!"

दर्शनाचा हात एकदा उठला होता. पोरीच्या गालाजवळ येऊन थांबला. मग ती बाहेर गेली, दौलतच्या ग्रीसनं भरलेल्या कपड्यांचा ढीग घेतला आणि दगडावर इतके आपटले की दौलतला वाटलं, काहीतरी झालंय. तो आला, दारात उभा राहिला.

"न्हाय येत आसंल तर ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला तरी कुटं येतंय? पोटाला मिळतंय न्हवं?"

"तुमाला शिकवायला कुणी नव्हतं," दर्शना म्हणाली. "तिला मी हाय."

दुसऱ्या दिवशी दौलतनं गोदामातून खजुराचे, दुधाचे, स्पेअर पार्टचे रिकामे खोके कापून त्यांचे छापलेले तुकडे पिशवीत भरून आणले आणि तिच्यापुढं ओतले. "ह्याच्यावर बी विंग्रजीच हाय," म्हणाला.

त्या तुकड्यांवर चित्र नव्हतं. फेब्रुवारी धुळीत गेला, दारं लावून बसायचं आणि तुकडे लावायचे. आधी अक्षर, मग दोन अक्षरं, मग तीन. मिल्क. पम्प. डेट. गव्हाला ओंब्या धरल्या तेव्हा पोरगी एक ओळ वाचत होती, बोट ठेवून, अडखळत, दर ओळीला घाम येईस्तोवर. पूर्वीसारखं गोड नव्हतं ते. दौलतलाही जाणवलं, तो म्हणाला, "आदी झ्याक वाचत हुती की गं." दर्शनानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो जेवायला बसला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी तालीम सुरू केली. तिसरीच्या वर्गात त्यांनी पोरांना उभं केलं. "साहब कुछ भी पूछेंगे, सबका हाथ ऊपर. एक भी नीचे नहीं. आता है तो सीधा हाथ. नहीं आता तो उल्टा हाथ. मैं सीधे हाथ वाले को ही उठाऊँगी. समझे?" पोरांना हा खेळ फार आवडला. बारा हात वर, बारा खाली. वाचनाला सफूरा उठणार होती, एकेचाळिसावं पान. सफूरा ही मॅडमची नात, आईबाप जेद्दाला, आजीपाशी राहणारी. पोरीचा आवाज घंटेसारखा. चौऱ्याण्णव टक्क्यांना मागं टाकणारी शाळेत तीच एक, अठ्ठ्याण्णवची.

दर्शना दारातून पाहत होती. स्मृतीचा डावा हात वर होता. तिला सगळ्याच प्रश्नांना डावा सांगितला होता, मॅडमनी स्वतः.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी दर्शनाला स्वयंपाकघरात बसवलं. "बुरा मत मानो जी. साहब इकामा पूछे तो मेरा स्कूल गया. आप चाय देखो." पहिलीला दुसऱ्या बाई बसल्या. दर्शनानं ओढणी कमरेला खोचली, किटली ठेवली. वाडीवर तपासणीला शिक्षण खात्याचे अधिकारी आले होते तेव्हा तिच्या वर्गातून उठून जायचं त्यांच्या मनात येईना, असा तिचा वर्ग होता. आज ती कप विसळत होती. तिला अपमान वाटला, पण दाखला डोळ्यांपुढं होता, तेव्हा ती कप विसळत राहिली.

स्वयंपाकघर आणि तिसरीचा वर्ग यांच्यामध्ये ताटं द्यायची खिडकी होती. तिची फळी बोटभर उघडी होती.

साहेब आले. टापटीप, घाईतले, दुपारचं विमान गाठायचं होतं. त्यांनी पाढे विचारले. बारा हात वर. मॅडमनी उजव्या हातवाल्याला उठवलं. त्यानं खणखणीत म्हटलं. मग वाचन. सफूरानं एकेचाळिसावं पान असं म्हटलं की साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"एक्सलंट," ते म्हणाले. मग त्यांनी सहज पुस्तक घेतलं, पुढची पानं चाळली आणि एक न शिकवलेलं पान उघडलं. "ये कौन पढ़ेगा?"

बारा हात वर झाले. दर्शना फळीच्या फटीतून मोजत होती. एक, दोन, पाच, नऊ, अकरा डावे. आणि पहिल्या बाकावर एक उजवा. स्मृतीचा.

खाली घे गं बाई, असं ती मनात म्हणाली. शाळा पास होऊ दे, दाखला हातात येऊ दे, मग सगळ्या जगाला वाचून दाखव. मॅडमनीही तो हात पाहिला. त्या पुढं आल्या, "सर, चाय..." पण साहेबांना सगळ्यात जवळची तीच दिसली.

"येस, यू."

स्मृती उठली. पुस्तक घेतलं. बोट ठेवलं.

"द... रे... रेन... केम... लेट." थांबली. "द... फिल... फील्ड्स... वेअर... ड्राय."

वर्गात कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पोरगी थांबली नाही. पुढच्या शब्दाला ती अडली, मागं गेली, पुन्हा जुळवला, चुकला, पुन्हा जुळवला. चार ओळी वाचायला तिला एवढा वेळ लागला की किटलीतलं पाणी उकळून खाली सांडलं आणि गॅस विझला, तरी दर्शनाला पत्ता नव्हता. तिला तिथूनच ओरडून सांगावंसं वाटत होतं की ही वाचतेय, या अख्ख्या वर्गात ही एकटीच वाचतेय, ऐका. ती तोंडात ओढणीचा बोळा धरून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ओके, ओके. सिट," साहेब म्हणाले. मग मॅडमकडं वळून, हिंदीत, "ये लड़की बहुत कमजोर है. ऐसे दो-तीन तो होते ही हैं. इस पर जरा ध्यान दीजिए. बाकी क्लास ब्रिलियंट है." त्यांनी स्मृतीचं नाव विचारून कागदावर लिहून घेतलं. चहा उभ्याउभ्याच घेतला. जाताना मॅडमना म्हणाले, "मान्यता में कोई दिक्कत नहीं."

गाडी गेली. शाळा सुटली. दर्शना कप विसळत होती. पाठीमागं मॅडमच्या चपला वाजल्या. तिनं वळून पाहिलं नाही. आता बोलणी बसणार, दाखला अडणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं, आणि काय उत्तर द्यायचं तेही तिच्या ओठांवर आलं होतं. माफी मागायची नाही, एवढं नक्की होतं.

"पास हो गए," मॅडम म्हणाल्या.

"हाँ."

"आपकी बच्ची को उल्टा हाथ बोली थी मैं."

"उसको आता था, तो सीधा उठाया," दर्शना म्हणाली. "आपनेच बोला था, आता है तो सीधा."

मॅडमनी नळ बंद केला, दर्शनाच्या हातातला कप काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. "साहब का क्या," त्या म्हणाल्या. "उनकू तेज चलने वाला होना. कितने दिन लगे आपकू?"

"अडीच महीना. रोज दुपार."

"मई में जाना है ना आपकू?"

"गेहूँ कटेगा तब."

मॅडमनी बाहेर पाहिलं. फाटकाशी स्मृती दप्तर घेऊन उभी होती आणि नसरुद्दीन गाडीचा दरवाजा उघडून हॉर्न देत होता. मॅडमनी हाक मारली, पण स्मृतीला नाही.

"सफूरा!"

ती घंटेच्या आवाजाची पोर जिन्यावरून पळत आली. साहेबांनी दिलेलं पेन तिच्या मुठीत होतं. मॅडमनी तिला खांद्याला धरून दर्शनापुढं उभी केली. त्यांचा आवाज खाली आला, जसा नात्यातल्या माणसाचं दुखणं सांगताना येतो.

"इसको भी नहीं आता," त्या म्हणाल्या. "एक हर्फ नहीं आता जी. मेरेकू दो साल से मालूम है."

दर्शनानं पोरीकडं पाहिलं. पोर खाली पाहत होती. दर्शनानं ओले हात ओढणीला पुसले आणि फाटकाकडं तोंड करून ओरडली, "नसरुद्दीनभाई, रुको जरा! स्मृते, आत ये. आज उशीर होईल." मग तिनं स्टूल ओढलं आणि सफूराला बसवलं. मॅडम निघून जातील असं तिला वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. त्यांनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नातीच्या शेजारी, खाली फरशीवरच बसल्या.